नाइट ड्युटीची झोप: कुठे चुकते आणि कोणत्या क्रमाने लावायची

नाइट करून आलेल्या रेसिडेंट (निवासी) डॉक्टरकडून किंवा सिस्टरकडून एक तक्रार हमखास ऐकू येते: ‘रात्रभर डोळे मिटत होते, आणि घरी येऊन आडवं झालं तर झोप नाही.’ दोन-अडीच तासांत जाग येते, कूस बदलत दुपार जाते आणि संध्याकाळी पुन्हा बॅग उचलायची वेळ होते. ‘मला दिवसाची झोप मानवतच नाही’ असं म्हणून बहुतेक जण विषय सोडून देतात. काहींच्या बाबतीत ते खरं असतं. पण पुष्कळांचं शरीर ठीक असतं, क्रम चुकलेला असतो. पहाटे पाचला चहा, मग उन्हातून घरी, मग नाश्ता, मग फोन, आणि अकराला अंथरूण. सगळ्यात मोठी चूक म्हणजे झोपेचा विचार ड्युटी संपल्यावर सुरू होतो. तो ड्युटीच्या आधी सुरू व्हायला हवा.

हा लेख सरकारी, पालिका आणि मोठ्या खासगी रुग्णालयांत रात्री जागणाऱ्यांसाठी आहे: इंटर्न, रेसिडेंट, सिस्टर्स आणि ब्रदर्स (पुरुष नर्स), आयसीयू आणि लॅबमधले टेक्निशियन. ड्युटीचे दोन प्रकार धरले आहेत. एक, लागोपाठच्या नाइट्स, साधारण रात्री ८ ते सकाळी ८. दुसरा, रेसिडेंटची चोवीस तासांची इमर्जन्सी आणि तिला जोडून दुसऱ्या दिवशी येणारा पोस्ट-इमर्जन्सीचा राउंड, म्हणजे वॉर्डातले पेशंट तपासण्याची फेरी. दोघांची गणितं जिथे वेगळी होतात तिथे तसं लिहिलं आहे.

## आधी एवढं समजून घ्या

झोप दोन गोष्टींवर ठरते. पहिली म्हणजे झोपेचा भार. जितके तास जागे राहाल तितका तो वाढतो, आणि झोपूनच उतरतो. कॅफिन तो उतरवत नाही, काही तास जाणवू देत नाही इतकंच. दुसरी गोष्ट शरीराचं घड्याळ. पहाटे ३ ते ६ या वेळात ते तुम्हाला झोपेकडे ओढतं. याच सुमारास, चार-पाचच्या आसपास, शरीराचं तापमान सर्वांत खाली असतं. सकाळ चढू लागली की तेच घड्याळ जागं करू लागतं. म्हणून साडेआठ-नऊला पाठ टेकली तर भार जिंकतो आणि झोप लागते. अकरानंतर घड्याळ वरचढ ठरू लागतं आणि झोप तुटक होते.

दुपारी १ ते ४ मध्ये झोपेची एक छोटी खिडकी पुन्हा उघडते. संध्याकाळी साधारण ६ ते ९ मध्ये मात्र शरीर सर्वांत हट्टाने जागं असतं. रात्री दहाच्या शिफ्टआधी सातला ‘जरा पडतो’ म्हणणाऱ्यांना झोप न येण्याचं कारण हेच आहे.

## टप्पा १: खोली आधी तयार करा

हे काम पहिल्या नाइटच्या दिवशी करायचं नाही. सुट्टीच्या दिवशी, शांत डोक्याने करा.

अंधार. दिवसाच्या झोपेचा पहिला शत्रू म्हणजे प्रकाश. साधा पडदा पुरत नाही. खिडकीच्या काचेला आतून काळा चार्ट पेपर किंवा स्वयंपाकघरातली अ‍ॅल्युमिनियम फॉइल चिकटवा, कडांना टेप लावा. भाड्याच्या घरात किंवा होस्टेलवर हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. दाराखालच्या फटीत जुनी चादर गुंडाळून ठेवा. तरीही उजेड येत असेल तर डोळ्यांवर पट्टी.

आवाज. फोमचे इअरप्लग केमिस्टकडे मिळतात, पण बहुतेक जण ते नुसते कानात टेकवतात आणि ‘उपयोग नाही’ म्हणून टाकून देतात. बोटांनी वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कानाची पाळी वर आणि मागे ओढा, प्लग आत सरकवा आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोट धरून ठेवा. पंख्याचा एकसुरी आवाज झोपेला मदत करतो. तुटक आवाज झोप मोडतात, म्हणजे दाराची बेल, कुकरची शिट्टी, फोनची टिंग.

उष्णता. नागपूर, चंद्रपूर, अकोल्याकडे एप्रिल-मेमध्ये दुपारची झोप उन्हामुळेच मोडते. तिथे कूलर आणि वाळ्याचे पडदे उत्तम काम करतात, फक्त कूलरसमोर एखादी खिडकी थोडी उघडी हवी, नाहीतर खोली दमट होते. मुंबई-कोकणात हवेतच ओल असते, कूलरचा उपयोग होत नाही. एसी नसेल तर तळमजल्याची किंवा उत्तर-पूर्वेची खोली मागून घ्या, आणि सुती चादर, जोराचा पंखा, झोपण्याआधी कोमट पाण्याची अंघोळ यांवर भागवा. वरच्या मजल्यावरची, गच्चीखालची खोली उन्हाळ्यात नाइटवाल्याला देऊ नये.

फोन. ‘डू नॉट डिस्टर्ब’ लावा आणि दोनच नंबरांना वाट द्या: घरातलं एक माणूस आणि युनिटमधलं एक माणूस. फोन बंदच करून टाकला तर ‘कोणाचा महत्त्वाचा फोन राहिला तर?’ या धास्तीने झोप उथळ होते.

होस्टेल. रूममेटच्या आणि तुमच्या ड्युट्या उलट्या असतील तर तीन गोष्टी आधीच ठरवून घ्या: कोणी झोपलेलं असताना ट्यूबलाइट लावायची नाही, बोलणं बाहेर, आणि कपाटातलं सामान आदल्या रात्रीच काढून ठेवायचं. कडी-कोयंड्याच्या आवाजानेही झोप मोडते.

### घरी राहणाऱ्या सिस्टर्ससाठी

इथे थोडं थांबायला हवं, कारण आपल्याकडे दिवसाची झोप सर्वांत जास्त इथेच मोडते. सिस्टर सकाळी नऊला घरी पोचते. मुलांचा डबा, शाळेची बस, सासऱ्यांची गोळी, कामवाली बाई, गॅसवाला, पार्सलवाला. घरातल्यांना ती ‘घरी आहे’ असं दिसतं. ‘मला झोपायचंय’ हे रोज सांगावं लागलं तर ते रोज मोडणारच. म्हणून ते एकदाच, सगळ्यांसमोर आणि आकड्यांत ठरवा.

- ‘साडेनऊ ते अडीच मी ड्युटीवर आहे असं समजा.’ घरच्यांना ‘झोप’पेक्षा ‘ड्युटी’ पटकन कळते.
- त्या वेळात बेल कोण उघडेल, पार्सल कोण घेईल, शाळेतून फोन आला तर कोण जाईल, ही नावं ठरवा. घरी कोणीच नसेल तर शेजारच्या काकूंना सांगून ठेवा आणि बेलचा स्विच बंद करा.
- नाइटच्या आठवड्यात सकाळचा डबा दुसऱ्या कोणीतरी करायचा किंवा पोळ्या बाहेरून आणायच्या. बारा तास उभं राहून आल्यावर कणीक मळणाऱ्या बाईला नीट झोप लागत नाही हे घरातल्या माणसांनी समजून घ्यायला हवं. सांगायला संकोच वाटत असेल तर हा परिच्छेद त्यांना वाचायला द्या.
- लहान मूल असेल तर झोप एकसंध मिळणार नाही, हे गृहीत धरून दोन तुकडे करा. ते टप्पा ६ मध्ये.

तपासा: दुपारी बाराला खोली बंद करून हात समोर लांब करा. बोटं स्पष्ट मोजता आली तर अजून उजेड आहे. दहा मिनिटं पडून राहा आणि किती वेळा आवाजाने लक्ष गेलं ते पाहा. जे ऐकू आलं त्याचा बंदोबस्त करा.

## टप्पा २: रोस्टर हातात आलं की झोप आधी लिहा

महिन्याचं रोस्टर आलं की आपण लग्नं, परीक्षा आणि गावाला जाण्याचे दिवस बघतो. त्याआधी पेन घेऊन प्रत्येक नाइटच्या आधीची दुपारची झोप आणि नंतरची सकाळची झोप लिहा, ड्युटीइतकीच ठळक. उरलेल्या जागेत बाकीचं आयुष्य बसवा. उलट केलं की झोप उरेल तिथे जाते, आणि उरत काहीच नाही.

तीन ठिकाणी लाल खूण करा:

1. इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग. रात्री आठ-साडेआठला सुटून सकाळी सात-आठला परत. प्रवास, जेवण, तयारी वजा केली तर झोपेला पाच-सहा तास उरतात. अदलाबदल करायचीच असेल तर इथे करा.
2. उलटा क्रम. मॉर्निंग, मग इव्हिनिंग, मग नाइट हा क्रम शरीराला सोपा जातो, कारण आपलं घड्याळ चोवीस तासांहून किंचित लांब चालतं आणि उशिरा झोपणं लवकर झोपण्यापेक्षा जमतं. नाइट, मग इव्हिनिंग, मग मॉर्निंग हा क्रम अवघड आहे.
3. नाइट ऑफच्या दिवशीचे कार्यक्रम. नाइट ऑफ, म्हणजे नाइट्सनंतर मिळणारा मोकळा दिवस, ही सुट्टी नव्हे, त्यातला अर्धा दिवस झोपेचा आहे. त्या दिवशी सकाळी लांबच्या प्रवासाला निघू नका.

पहिले दोन आठवडे वहीत चार गोष्टी टिपून ठेवा: कधी पडलो, अंदाजे कधी झोप लागली, कधी उठलो, शेवटचा चहा किती वाजता. चारच. याहून जास्त लिहायला गेलात तर तिसऱ्या दिवशी वही बंद होते.

## टप्पा ३: पहिल्या नाइटच्या आधी

सर्वांत जास्त दुर्लक्ष या टप्प्याकडे होतं, आणि फायदा याच टप्प्यात सर्वांत जास्त आहे. सकाळी सातला उठून दिवसभर कामं करून रात्री आठला ड्युटीवर गेलेला माणूस पहाटे पाचला बावीस तास जागा असतो. ‘नेचर’मध्ये १९९७ साली आलेल्या एका अभ्यासात सलग सतरा तास जागं राहिल्यावर माणसाची कामगिरी रक्तात ०.०५ टक्के अल्कोहोल असताना होते तितकी खालावलेली दिसली, आणि चोवीस तासांनंतर ०.१० टक्क्यांइतकी. आपल्याकडे गाडी चालवण्याची कायदेशीर मर्यादा ०.०३ टक्के आहे. या अवस्थेत आपण इन्सुलिनचे युनिट मोजत असतो.

क्रम असा ठेवा:

1. सकाळी नेहमीपेक्षा तास-दीड तास उशिरा उठा. ‘रात्री जागायचंय’ म्हणून पहाटे उठून कामं उरकू नका.
2. दुपारी बारानंतर चहा-कॉफी नाही.
3. एकला हलकं जेवण.
4. दीड ते साडेतीनच्या दरम्यान अंधाऱ्या खोलीत साधारण दीड तास झोपा. झोपेचं एक पूर्ण चक्र साधारण एवढ्यात पुरं होतं.
5. झोप लागलीच नाही तरी उठू नका, डोळे मिटून पडून राहा. झोपेचा भार त्याने फारसा उतरणार नाही, पण अंग सैल होतं आणि पुष्कळदा नकळत डुलकी लागते.
6. निघण्याआधी पोटभर, साधं जेवण: वरण-भात, भाकरी-भाजी, दही. रात्रीचं मुख्य जेवण हेच.

सावध: दुपारच्या झोपेतून उठताना आणि घर सोडताना किमान पाऊण तास मधे हवा. उठल्या उठल्या गाडीला किक मारू नका.

इमर्जन्सीवाल्या रेसिडेंटला ही दुपारची झोप मिळत नाही, कारण ड्युटी सकाळीच सुरू होते. त्याने आदल्या रात्रीची झोप वाढवायची, नेहमीपेक्षा दीड-दोन तास लवकर पडून. इमर्जन्सीच्या आदल्या रात्री वेब सिरीज बघायची नाही.

## टप्पा ४: रात्र कशी काढायची

चहा-कॉफी. कॅफिनचा परिणाम वीस-तीस मिनिटांत जाणवू लागतो, आणि त्यातलं निम्मं अंगातून जायलाही साधारण पाच-सहा तास लागतात. म्हणून रात्रीच्या पहिल्या अर्ध्या भागात थोडं-थोडं घ्या, एकदम मोठा मग नको. दहाला कटिंग, साडेबाराला एक, अडीचला शेवटचं. तीननंतर बंद. नऊला झोपायचं असेल तर ही सहा तासांची सीमा आहे. २०१३ सालच्या एका अभ्यासात झोपेच्या सहा तास आधी घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफिननेही एकूण झोप तासाभराहून जास्त घटली होती. आपला कटिंग एवढा जड नसतो, पण पाच वाजताचा ‘राउंडच्या आधीचा’ चहा, त्यावर सहाचा आणि हँडओव्हरनंतर (ड्युटी पुढच्याकडे सोपवल्यावर) टपरीवरचा मिळून तेच होतं. एनर्जी ड्रिंकच्या २५० मिलिलिटरच्या एका डब्यात साधारण ७५-८० मिलिग्रॅम कॅफिन आणि भरपूर साखर असते. ती पहाटेची सवय करू नका.

खाणं. बारा-साडेबाराला थोडं काहीतरी: केळं, चणे-दाणे, राजगिरा लाडू, घरचा उपमा. दोननंतर बिर्याणी, वडापाव, चायनीज नको. त्या वेळी पोट मंदावलेलं असतं, आम्लपित्त होतं आणि सकाळची झोप जळजळीने मोडते. पाणी मात्र पीत राहा, सकाळी डोकं दुखतं त्यात तहानेचाही वाटा असतो.

उजेड. मध्यरात्रीपर्यंत भरपूर उजेडात बसा. स्टेशन डेस्कवरचे दिवे लावलेले असू द्या. पहाटे चारनंतर जिथे काम नाही तिथे उजेड कमी करता आला तर करा.

डुलकी. रात्री १ ते ४ मध्ये वॉर्ड शांत असेल तर सोबतच्यांशी वाटून घ्या. एक जण झोपेल, दुसरा जागा, आणि दोघांनाही ते ठाऊक. वेळ दोनच प्रकारची: वीस मिनिटं किंवा दीड तास. मधली पाऊण तासाची डुलकी घात करते, कारण माणूस गाढ झोपेतून उठतो आणि अर्धा तास सुन्न राहतो. गजर लावा आणि फोन दुसऱ्याच्या हाती द्या.

झोपायची जागा ही फक्त सोयीची बाब नाही. ९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ज्या डॉक्टरवर अत्याचार होऊन तिची हत्या झाली, ती ड्युटीदरम्यान सेमिनार हॉलमध्ये विश्रांती घेत होती. आतून लागणारी कडी, बाहेर दिवा, सिस्टरला आणि सिक्युरिटीला माहीत असलेली जागा आणि चालू असलेला इंटरकॉम, एवढं असल्याशिवाय कोणीही एकटीने कुठल्या रिकाम्या खोलीत झोपू नये. जागा नसेल तर ती मागणं हा तुमचा हक्क आहे. लेखी मागा.

सावध, पहाटे ३ ते ६: कितीही टवटवीत वाटलं तरी या तीन तासांत स्वतःवर विश्वास ठेवू नका. पोटॅशियम क्लोराइड, हेपरिन, इन्सुलिन, लहान मुलांचे डोस मोठ्याने वाचून दुसऱ्याकडून तपासून घ्या. दशांश चिन्ह एक घर सरकलं की डोस दहापट होतो. सुई लावताना घाई करू नका. टाळता येण्याजोगं कुठलंही काम या वेळेत ठेवू नका.

## टप्पा ५: उठवल्यावरची पहिली पंधरा मिनिटं

झोपेतून उठलेला मेंदू लगेच जागा होत नाही. पंधरा ते तीस मिनिटं विचार मंद असतात, आणि माणसाला स्वतःला ते कळत नाही. ‘हो, अर्धी गोळी द्या’ असं सांगून पुन्हा झोपलेला आणि सकाळी काहीही न आठवणारा डॉक्टर प्रत्येक वॉर्डाने पाहिला आहे. म्हणून:

1. फोन आडवं राहून घ्यायचा नाही. उठून बसा, दिवा लावा, पाय जमिनीवर.
2. पेशंटचं नाव, बेड नंबर आणि तक्रार स्वतः परत म्हणून दाखवा.
3. ऑर्डर देण्याआधी कागदावर लिहा, मग वाचून सांगा. समोरच्या सिस्टरला ती परत म्हणायला सांगा.
4. शंका असली तर जाऊन बघा. तोंडावर गार पाणी मारा आणि चालत जा, चालण्याने जाग यायला मदत होते.

सिस्टर्सना एक विनंती: फोनवरचा आवाज जड, उत्तरं तुटक वाटली तर ‘डॉक्टर, एकदा येऊन बघता का?’ असं म्हणा. यात कोणाचा अपमान नाही, पेशंटचं भलं आहे.

## टप्पा ६: हँडओव्हरपासून अंथरुणापर्यंत

हा दीड तास सगळ्यांत मौल्यवान आहे, आणि सगळ्यांत जास्त वाया जातो.

प्रवास. सलग चोवीस तासांहून लांब ड्युटी केलेल्या अमेरिकी इंटर्न्सना घरी जाताना अपघात होण्याची शक्यता एरवीच्या दुपटीहून जास्त असल्याचं २००५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात आढळलं. आपल्याकडे बहुतेकांकडे दुचाकी असते. तिच्यावर लागलेली तीन सेकंदांची डुलकीसुद्धा जीव घेते. मागची दोन किलोमीटर कशी आली ते आठवत नसेल, डोळे चुरचुरत असतील, मान एकदा जरी पुढे पडली असेल, तर गाडी तिथेच लावा. गाणी, गार वारा, च्युइंगम यांनी झोप हटत नाही. रिक्षा घ्या, सहकाऱ्याबरोबर या, बस किंवा लोकलने जा. तेही शक्य नसेल तर निघण्याआधी रुग्णालयातच वीस मिनिटं झोपा आणि उठल्यावर आणखी पंधरा मिनिटं थांबून निघा. लोकलमध्ये झोपायचं असेल तर स्टेशनच्या अंदाजाने गजर लावा आणि दारात उभं राहू नका.

ऊन. चालत, बसने किंवा ट्रेनने जात असाल तर गॉगल, टोपी किंवा ओढणी वापरा. सकाळचा उजेड घड्याळाला ‘दिवस सुरू झाला’ असं सांगतो. स्वतः गाडी चालवत असाल आणि डोळे जड असतील तर गॉगल लावू नका.

घरी पोचल्यावर, याच क्रमाने: कोमट पाण्याची अंघोळ. हलकं काही, पोहे अर्धी वाटी किंवा दूध-केळं. उपाशीपोटी पडलात तर दोन तासांत भूक उठवते. मग फोन चार्जिंगला, शक्यतो दुसऱ्या खोलीत, गजरापुरतं साधं घड्याळ. मग अंधार. दारात पाय ठेवल्यापासून अंथरुणापर्यंत पाऊण तासाहून जास्त जाऊ नये. पेपर, भाजी, बँक, ‘फक्त पाच मिनिटं’ रील्स यातलं काहीही आधी करायचं नाही.

किती झोपायचं: लागोपाठच्या नाइट्समध्ये ९ ते साधारण १-२ ही मुख्य झोप, आणि संध्याकाळी निघण्याआधी, ४ ते ५च्या सुमारास आणखी तासभर. दोन्ही मिळून पाच-सहा तास झाले तर उत्तम. एका दमात सात तास दिवसा झोपण्याचा हट्ट धरू नका. तो फसला की माणूस निराश होऊन दुसरा तुकडाही सोडून देतो. लहान मुलाच्या आईने मूल शाळेत असतानाचे चार तास आणि मूल दुपारी झोपेल तेव्हाचा दीड तास धरावा.

जाग आली तर: घड्याळ बघू नका. पाणी प्या, लघवीला जाऊन या, दिवा न लावता परत पडा. वीसेक मिनिटांत झोप आली नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, काही कंटाळवाणं वाचा, डोळे जड झाले की परत या. अंथरुणात तळमळत पडून राहिलं की अंथरूणच जागरणाची आठवण करून देऊ लागतं.

तपासा: तिसऱ्या नाइटपर्यंत रोजची एकूण झोप पाच तासांच्या खाली राहत असेल तर वही उघडा आणि शेवटच्या चहाची व अंथरुणाला टेकण्याची वेळ आधी बघा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच असतं.

## टप्पा ७: शेवटच्या नाइटनंतर परत दिवसावर

इथली नेहमीची चूक म्हणजे संध्याकाळी पाचपर्यंत झोपणं. मग रात्री तीनला डोळे टक्क उघडे, आणि दुसऱ्या दिवशी मॉर्निंग.

शेवटच्या नाइटनंतर दोन-तीन तासच झोपा, फार तर बारापर्यंत. गजर लावा, उठा, बाहेर उजेडात जा, चाला. संध्याकाळ जड जाईल. साडेनऊ-दहाला झोपा. दुसऱ्या दिवशी पुन्हा सकाळचं ऊन घ्या. दोन-तीन दिवसांत गाडी रुळावर येते.

पोस्ट-इमर्जन्सी रेसिडेंटसाठी सुटण्याच्या वेळेवर ठरतं. दुपारी बाराआधी सुटलात तर दोनपर्यंत झोपा आणि रात्री दहाला पुन्हा. तीन-चारला सुटलात तर फक्त दीड तास, साडेपाचच्या आत उठायचं, आणि रात्री साडेनऊला अंथरूण. पण सलग तीस तासांहून जास्त जागरण झालं असेल तर हा सगळा हिशेब बाजूला ठेवा. मिळेल तेव्हा झोपा आणि जाग येईल तेव्हा उठा. अशा वेळी झोपेचा भार इतका असतो की आधी तो उतरवणंच शहाणपणाचं.

## टप्पा ८: गोळ्या, आणि तपासणी कधी

अल्प्राझोलम, झोल्पिडेम या झोप आणणाऱ्या गोळ्या हाताशी असतात, म्हणून त्या स्वतःच्या मनाने सुरू करणारे आपल्यात बरेच आहेत. दोन्ही शेड्यूल एच-वन मधल्या, म्हणजे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय विकता न येणाऱ्या औषधांच्या यादीतल्या आहेत, आणि आपण त्या पेशंटला अशा सहज देत नाही. त्यांनी डोळे मिटतात, पण सवय लागते आणि पुढच्या रात्रीच्या ड्युटीत गुंगी उरू शकते. ‘सर्दीची गोळी’ घेऊन झोपणं हीसुद्धा हीच चूक. जुन्या पिढीतल्या अँटिहिस्टामिन्स अंगात लांबवर राहतात. दारूने झोप लवकर लागते आणि उत्तररात्री मोडते. मेलाटोनिन या झोपेशी संबंधित हार्मोनच्या गोळीचा दिवसाच्या झोपेला काहींना थोडा फायदा होतो, पण वेळ आणि मात्रा चुकली तर घड्याळ उलट सरकतं. दुसऱ्या डॉक्टरला विचारून घ्या.

पुढीलपैकी काही असेल तर स्वतः औषध न शोधता दुसऱ्या डॉक्टरकडे पेशंट म्हणून जा:

- एपवर्थ निद्रा-मापनात (दिवसा किती झोप येते हे मोजणारी प्रश्नावली) गुण दहाच्या वर.
- घोरणं, झोपेत श्वास थांबल्याचं घरच्यांनी सांगणं, उठल्यावर डोकेदुखी.
- सुट्टीत, रात्री झोपायला मिळूनही आठवड्यातून तीन रात्री झोप न लागणं, आणि हे तीन महिने चालणं. यावर पहिला उपचार गोळी नसून निद्रानाशासाठीची वर्तनोपचार पद्धत आहे.
- पाय सतत हलवावेसे वाटणं. विशेषतः स्त्रियांनी फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) तपासून घ्यावं.
- कशातच मन न लागणं, रडू येणं, मरणाचे विचार. यासाठी वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालतो आणि मराठीत बोलता येतं.

## टप्पा ९: रोस्टर लावणाऱ्यांशी बोलणं

वरचे आठही टप्पे पाळूनही जो माणूस छत्तीस तास उभा आहे त्याची झोप पुरी होणार नाही. हे त्याच्या शिस्तीवर ढकलणं अन्यायाचं आहे. बोस्टनमधल्या एका रुग्णालयाच्या अतिदक्षता विभागांत इंटर्न्सच्या लांब ड्युट्या कमी केल्या, तेव्हा जुन्या पद्धतीत गंभीर चुका ३६ टक्क्यांनी जास्त होत होत्या असं २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आलं. प्रश्न आरामाचा नाही, पेशंटच्या जिवाचा आहे.

मागणी करताना हाती काय आहे: केंद्राच्या १९९२ च्या निवासी डॉक्टर योजनेत सलग ड्युटी साधारणपणे बारा तासांहून आणि आठवडा ४८ तासांहून जास्त नसावा आणि पाळीपाळीने साप्ताहिक सुट्टी मिळावी असं म्हटलं आहे. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या २०२३ च्या पदव्युत्तर नियमांत ‘वाजवी’ कामाचे तास आणि विश्रांती असा शब्दप्रयोग आहे, आकडा नाही. आयोगाच्याच कृती गटाने २०२४ मध्ये आठवड्याला कमाल ७४ तास आणि रोज सात-आठ तास झोप अशी शिफारस केली.

‘आम्ही दमतो’ असं तोंडी सांगून काही हलत नाही. चार आठवड्यांच्या प्रत्यक्ष ड्युटीचे तास युनिटमधल्या सगळ्यांनी एका तक्त्यात भरा. तो जोडून युनिट हेडकडे किंवा मेट्रनकडे (सिस्टर्सच्या प्रमुखांकडे), त्यांच्याकडून अधिष्ठात्यांकडे लेखी अर्ज करा आणि पोच घ्या. अर्जात एकदम सगळं मागू नका. सुरुवातीला तीन गोष्टी पुरेत: पोस्ट-इमर्जन्सीला दुपारी बाराची सुट्टी, इव्हिनिंगनंतर लगेच मॉर्निंग नाही, आणि आतून कडी लागणारी, पंखा चालणारी एक विश्रांतीची खोली. या तिन्हींसाठी फारसा पैसा किंवा नवीन पदं लागत नाहीत, त्यामुळे ‘बजेट नाही’ हे उत्तर तिथे चालत नाही.